घर पाहावे बांधून, पण डोळसपणे

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण मराठी समाजाने अनुभवाचे चटके सोसून घडवली. घर बांधणे हे कुटुंबाच्या आयुष्यातील सर्वांत मोठे साहस असते. साठवलेली पुंजी त्यात जाते, कर्ज डोक्यावर येते आणि एकदा चुकलेली भिंत जन्मभर चुकलेलीच राहते. आता हे साहस एकट्यादुकट्याचे राहिलेले नाही. मुंबई, ठाणे, डोंबिवली, पुणे, नाशिक, नागपूर अशा शहरांतून चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या तीन-चार मजली सहकारी गृहरचना संस्था पुनर्विकासाला निघाल्या आहेत. संध्याकाळी विशेष सर्वसाधारण सभा भरतात, तावातावाने चर्चा होते. चटईक्षेत्र किती वाढून मिळणार, बांधकाम चालू असताना भाडे किती मिळणार, कॉर्पसची रक्कम किती, गाड्या कुठे उभ्या राहणार, उद्वाहने किती असतील, हे सगळे प्रश्न सभासद बारकाईने विचारतात. ते विचारलेच पाहिजेत. परंतु नव्या घराची पश्चिमेकडची भिंत कशाची असेल, दुपारी चार वाजताचे ऊन कुठवर आत येईल आणि पंखा लावून त्या खोलीत झोपता येईल काय, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. कोणाचा त्याला विरोध असतो असे नाही. तो कोणाला सुचतच नाही.

या न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर पुढची पन्नास वर्षे विजेच्या देयकातून मिळत राहते. ते केवळ त्या कुटुंबाला मिळते असेही नाही. ते शहराला मिळते, राज्याला मिळते आणि अखेरीस पृथ्वीच्या वातावरणाला मिळते. हवामानबदलाची चर्चा निघाली की डोळ्यांसमोर कारखान्यांची धुराडी येतात, रस्त्यावरच्या मोटारी येतात, वितळणारी हिमशिखरे येतात. आपण राहतो ते घर मात्र डोळ्यांसमोर येत नाही. वस्तुस्थिती अशी आहे की, संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालांनुसार जगातील ऊर्जेच्या एकूण मागणीचा सुमारे एक तृतीयांश वाटा इमारतींचा आहे आणि ऊर्जेतून व औद्योगिक प्रक्रियांतून होणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनापैकी सुमारे ३७ टक्के उत्सर्जन इमारती आणि त्यांचे बांधकाम यांच्या खात्यावर जमा आहे. वाहनांची एवढी चर्चा होते, पण इमारतींचा वाटा वाहनांहून मोठा आहे.

हा वाटा दोन हप्त्यांत वसूल होतो. पहिला हप्ता घर उभे राहण्यापूर्वीच भरला जातो. तो सिमेंट, पोलाद, विटा, काच आणि ॲल्युमिनियम यांच्या निर्मितीत खर्च होतो. दुसरा हप्ता घर उभे राहिल्यानंतर दररोज भरावा लागतो. दिवे, पंखे, पाण्याचे पंप, उद्वाहने आणि सर्वांत मुख्य म्हणजे वातानुकूलन यंत्रे हा त्या हप्त्याचा भाग होय. पहिला हप्ता एकदाच द्यावा लागतो, पण तो परत घेता येत नाही. दुसरा हप्ता कमी करता येतो, पण त्याची रक्कम बरीचशी आराखड्याच्या कागदावरच ठरून गेलेली असते.

पहिल्या हप्त्याचे मर्म समजून घ्यायचे तर चंद्रपूर जिल्ह्याकडे पाहावे. राजुरा आणि कोरपना या तालुक्यांत चुनखडीचे विस्तीर्ण साठे आहेत. गडचांदूर, आवारपूर या परिसरात त्या चुनखडीवर सिमेंटचे मोठे कारखाने उभे आहेत. चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ती भट्टीत तापवली की तिच्यातील कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो आणि चुना उरतो. शंभर किलो शुद्ध चुनखडीतून ५६ किलो चुना मिळतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत मिसळतो. हा रसायनशास्त्राचा नियम आहे आणि कोणत्याही कारखानदाराला तो बदलता येत नाही. भट्टी कोळशाऐवजी सूर्याच्या उष्णतेवर चालवली तरी हे ४४ किलो हवेत जाणारच. त्यात भर भट्टीच्या इंधनाची. सिमेंटची भट्टी सुमारे १४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावी लागते. परिणामी जगातील कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनापैकी सात-आठ टक्के उत्सर्जन एकट्या सिमेंटमुळे होते. सिमेंटच्या उत्पादनात चीनच्या खालोखाल भारताचा क्रमांक लागतो आणि देशाचे वार्षिक उत्पादन आता चाळीस कोटी टनांच्या पुढे गेले आहे.

याच जिल्ह्यात दुसऱ्या हप्त्याचीही वसुली होते. चंद्रपूर शहराला लागून असलेल्या महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट आहे. जिल्ह्याच्या पोटातला कोळसा तिथे जळतो आणि त्यातून निघालेली वीज शेकडो किलोमीटरच्या तारांवरून पश्चिमेकडच्या शहरांनाही पुरवली जाते. म्हणजे पुण्या-मुंबईतील मनोऱ्यांना लागणारे सिमेंट आणि त्या मनोऱ्यांना थंड ठेवणारी वीज, दोहोंचा भार वाहणाऱ्या जिल्ह्यांत चंद्रपूरचे स्थान ठळक आहे. त्या जिल्ह्याच्या पदरात काय पडते? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी केली, तेव्हा चंद्रपूर तिच्यात वरच्या क्रमांकांवर होते. २०१९ च्या मे महिन्याच्या अखेरीस चंद्रपूरचा पारा ४७ अंशांच्या पुढे गेला होता. ज्या भूमीने शहरांना सावली पुरवावी, त्याच भूमीने उन्हात होरपळावे, हा व्यवहार न्यायाचा म्हणता येत नाही. वातानुकूलित खोलीत बसून कळ दाबणाऱ्या हाताला तो दिसत नाही, म्हणून तो बोचतही नाही.

इथे एक आक्षेप हमखास घेतला जातो आणि त्याचे उत्तर सरळ द्यायला हवे. भारताने घरे बांधायचीच नाहीत काय? पाश्चात्त्य देशांनी दीडशे-दोनशे वर्षे कोळसा जाळून आपली शहरे उभारली, महामार्ग बांधले, आणि आता भारताची वेळ आली तेव्हा त्यांना पृथ्वीची काळजी वाटू लागली, हा युक्तिवाद खोटा नाही. भारतातील दरडोई कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन वर्षाला सुमारे दोन टन आहे. अमेरिकेचे त्याच्या सहा-सात पट आहे. दरडोई सिमेंटच्या वापरातही भारत जागतिक सरासरीच्या बराच खाली आहे. पंतप्रधान आवास योजनेतून कोट्यवधी कुटुंबांना पक्के घर मिळाले आणि २०२४ च्या जूनमध्ये आणखी तीन कोटी घरांना साह्य देण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने घेतला. गळक्या छपराखाली पावसाळे काढलेल्या मातेला पक्के घर नाकारण्याचा अधिकार जगातील कोणत्याही परिषदेला नाही. जागतिक वाटाघाटींच्या मेजावर भारताने ही भूमिका ठामपणे मांडली आहे आणि ती तशीच मांडली गेली पाहिजे.

परंतु परिषदेतला युक्तिवाद स्वयंपाकघरातील उकाडा कमी करत नाही. वाईट बांधलेल्या घराचा ताप अमेरिकेला होत नाही, त्या घरात राहणाऱ्याला होतो. येत्या दोन-तीन दशकांत देशात ज्या इमारती उभ्या राहणार आहेत, त्यांचा फार मोठा भाग अद्याप कागदावर आहे. युरोप-अमेरिकेपुढे जुन्या इमारती दुरुस्त करण्याचा प्रश्न आहे. भारतापुढे नव्या इमारती नीट बांधण्याची संधी आहे. ही संधी दवडली, तर दोष दुसऱ्याच्या माथी मारता येणार नाही. म्हणून प्रश्न बांधावे की न बांधावे असा नाही. कशाने बांधावे आणि कसे बांधावे, असा तो आहे.

आज बांधले जाते ते कसे? वेग हे आजच्या बांधकामाचे पहिले दैवत आहे. ॲल्युमिनियमच्या साच्यात काँक्रीट ओतून भिंती आणि छत एकत्रच घडवण्याची पद्धत उंच इमारतींत रूढ झाली आहे. आठ-दहा दिवसांत एक मजला चढतो, गिलाव्याचे काम वाचते, भूकंपालाही अशी इमारत चांगली तोंड देते. हे तिचे गुण मान्य केले पाहिजेत. पण सहा-सात इंचांची उघडी काँक्रीटची भिंत नऊ इंची विटांच्या भिंतीपेक्षा कितीतरी अधिक उष्णता आत घेते. दिवसभर तापलेली ती भिंत ती उष्णता रात्री खोलीत सोडते. बाहेर वारा पडला, हवा गार झाली, तरी आतला माणूस घामाने भिजतो. त्यावर खिडकीला सरकत्या काचा. म्हणजे खिडकी कितीही मोठी असो, वारा अर्ध्याच भागातून येणार. खिडकीवरचा छज्जा दर्शनी भागाच्या सौंदर्याला बाधा आणतो म्हणून काढून टाकलेला. मग पहिल्याच उन्हाळ्यात भिंतीला वातानुकूलन यंत्राचे भोक पडते.

कार्यालयांची कथा याहून विपरीत आहे. वांद्रे-कुर्ला संकुल असो वा हिंजवडी, काचेच्या भिंतींची इमारत ही प्रगतीची खूण मानली गेली. ज्या देशांत वर्षातले सहा-सात महिने सूर्यदर्शनासाठी तळमळावे लागते, तिथे काचेची भिंत समजण्यासारखी आहे. काच सूर्यप्रकाश आत घेते आणि आत तापलेल्या वस्तूंची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. थंड देशात हे वरदान ठरते. जिथे मार्चपासूनच ऊन भाजू लागते, तिथे काचेची पेटी बांधायची आणि मग तिला थंड करण्यासाठी दिवसरात्र वीज जाळायची, हे अनुकरण बुद्धीचे लक्षण नाही. पुष्कळ ठिकाणी आतली माणसे डोळ्यांवर येणारे ऊन टाळण्यासाठी पडदे ओढून, दिवे लावून काम करतात. काच लावली ती प्रकाशासाठी आणि दिवे लावले ते काचेमुळे!

वातानुकूलन यंत्राविषयी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ते थंडावा निर्माण करत नाही. ते खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकते आणि ती टाकण्यासाठी खर्च झालेल्या विजेची उष्णताही तिच्यात मिळवते. एका घराचा गारवा हा शेजारच्या घराचा उकाडा होतो. ज्याच्याकडे यंत्र नाही, त्याच्या वाट्याला दोघांचाही उकाडा येतो. केंद्र सरकारने मार्च २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय शीतलीकरण कृती आराखड्यात नोंदवले होते की, त्या वेळी देशातील जेमतेम आठ टक्के घरांत वातानुकूलन यंत्र होते. त्याच आराखड्याचा अंदाज असा की, २०१७-१८ च्या तुलनेत २०३७-३८ पर्यंत शीतलीकरणाची मागणी सुमारे आठपट होईल. या वाढीची चुणूक दिसली आहे. ३० मे २०२४ रोजी उत्तर भारत उष्णतेच्या लाटेत होरपळत असताना देशातील विजेची मागणी २५० गिगावॉटवर पोहोचली. तोपर्यंत ती कधीही तेवढी झालेली नव्हती. देशातील विजेचा मोठा हिस्सा आजही कोळशावर निर्माण होतो. सूर्यास्तानंतर सौर वीज थांबते आणि नेमक्या त्याच वेळी शयनगृहांतली यंत्रे सुरू होतात. त्यातल्या वायूचा प्रश्न वेगळाच. आज सर्रास वापरला जाणारा आर-३२ हा वायू गळला, तर वजनाला वजन धरून कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे पावणेसातशे पट तापमानवाढ घडवतो आणि त्याआधीचा आर-४१० ए तर दोन हजार पटींहून अधिक. म्हणजे उकाड्यावरचा इलाज उकाडा वाढवतो आणि वाढलेला उकाडा आणखी इलाज मागतो. भोगाने तृष्णा शमत नाही, वाढते, हे भारतीय तत्त्वज्ञानाने सांगितलेले सूत्र वीजमापकाच्या आकड्यांतही वाचता येते.

या चक्रात सर्वांत आधी चिरडला जातो तो सेवावस्तीतला माणूस. पत्र्याच्या छताखाली दहा बाय दहाच्या खोलीत राहणारी वृद्धा, उन्हातान्हात सळया बांधून रात्री बांधकामाशेजारच्या पत्र्याच्या खोपटात झोपणारा मजूर, यांना उष्णतेची लाट ही बातमी नसते, तो जिवाचा प्रश्न असतो. अहमदाबादेत २०१० च्या मे महिन्यात आलेल्या लाटेत तेराशेहून अधिक अतिरिक्त मृत्यू झाले. त्या धक्क्यातून शहर सावध झाले आणि २०१३ साली तिथल्या महापालिकेने उष्णतेला तोंड देण्याचा कृती आराखडा तयार केला. पुढे २०१७ पासून गरीब वस्त्यांतील छपरांना पांढरा रंग देण्याचा उपक्रम त्यात आला. पांढरे छत ऊन परत पाठवते, खोलीचे तापमान काही अंशांनी उतरते. खर्च म्हणाल तर चुन्याचा आणि कुंचल्याचा. तेलंगणाने २०२३ साली शीतल छतांविषयी स्वतंत्र धोरणच जाहीर केले. सेवाकार्य करणाऱ्या तरुणांनी एप्रिलच्या प्रारंभी दोन रविवार दिले, तर एका वस्तीची छते पांढरी होऊ शकतात. यासाठी कोणत्याही अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही.

पूर्वजांना हे कळत होते काय? कळत होते, कारण त्यांच्याजवळ कळ दाबण्याचा पर्याय नव्हता. कोकणातील चिऱ्याचे घर, उतरते कौलारू छप्पर, पुढे-मागे पडवी, भिंतीवर ऊन आणि पाऊस न येऊ देणारे वळचणीचे रुंद पागोळे. देशावरच्या वाड्यातला चौक, जाड भिंती आणि वर माडी. मराठवाडा-खानदेशातले पांढऱ्या मातीचे धाबे. विदर्भातली कवेलूंची घरे, हे सगळे त्या त्या हवामानाला दिलेले उत्तर होते. बांधकामाचा माल जवळचा, गवंडी गावातला. चुना घाणीत मळला जाई. तो भिंतीत घट्ट होताना भट्टीत गमावलेल्या कार्बन डायऑक्साइडचा बराच भाग हवेतून पुन्हा शोषून घेत असे. वाडा मोडला तरी त्याचे दगड आणि सागवान दुसऱ्या घराला लागत. टाकाऊ असे फारसे काही उरत नसे.

मात्र पूर्वजांचा अभिमान बाळगणाऱ्याने डोळे मिटून घेऊ नयेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि परिसरात भूकंप झाला, तेव्हा हजारो माणसे दगडमातीच्या जाड भिंतींखाली आणि जड धाब्यांखाली गाडली गेली. त्या भिंतींतल्या दगडांना एकमेकांशी बांधणारे काही नव्हते. घराला उन्हापासून वाचवणारी जाडीच त्या पहाटे काळ ठरली. त्या आठवणीने ज्याने काँक्रीटला कवटाळले, त्याला दोष देता येणार नाही. म्हणून जुने जसेच्या तसे उचलणे हा उपाय नव्हे. दोन्ही थरांना सांधणारे लांब दगड, भिंतीभोवतीचे काँक्रीटचे पट्टे, हलके छत, ही आजच्या स्थापत्यशास्त्राची देणगी घेऊन जुन्या शहाणपणाला नवे रूप द्यावे लागेल. परंपरेचा वारसा म्हणजे परंपरेची दृष्टी. ऊन कुठून येते, वारा कुठून वाहतो, पाणी कुठे जाते, हे पाहून घर बांधणे ही ती दृष्टी होय.

ही दृष्टी ओळखणारा एक माणूस जन्माने इंग्रज होता, याचा संकोच वाटण्याचे कारण नाही. १९१७ साली बर्मिंगहॅमला जन्मलेले वास्तुविशारद लॉरी बेकर भारतात आले, मुंबईत गांधीजींना भेटले आणि इथलेच झाले. घरासाठी लागणारा माल पाच मैलांच्या परिघातला असावा, हा गांधीजींचा विचार त्यांनी आयुष्यभर प्रमाण मानला. केरळात त्यांनी असंख्य घरे बांधली. विटा कडेवर उभ्या रचून भिंतीच्या पोटात पोकळी ठेवण्याची पद्धत त्यांनी रुळवली. तिच्यात सुमारे एक चतुर्थांश विटा वाचतात आणि पोकळीतली हवा उष्णतेला अडवते. गिलावा नको तिथे नको, जुनी लाकडे-खिडक्या चालत असतील तर नव्या नकोत, असा त्यांचा आग्रह असे. १९९० साली त्यांना पद्मश्री मिळाली, २००७ साली तिरुवनंतपुरम येथे त्यांचे निधन झाले. काटकसर आणि सौंदर्य एकत्र नांदू शकतात, हे त्यांनी विटांमध्ये लिहून ठेवले.

आजच्या विज्ञानानेही रिकाम्या हाताने बसलेले नाही. औष्णिक केंद्रांची राख आणि पोलाद कारखान्यांची मळी मिसळलेले सिमेंट भारतात फार पूर्वीपासून वापरात आहे. त्यामुळे भट्टीत भाजाव्या लागणाऱ्या चुनखडीचे प्रमाण घटते. चुनखडीची पूड आणि भाजलेली माती मिसळून तयार होणाऱ्या नव्या सिमेंटवर दिल्ली, मुंबई आणि मद्रास येथील आयआयटींनी स्वित्झर्लंडमधील संशोधकांच्या सहकार्याने काम केले आहे. त्यातून उत्सर्जन तीस ते चाळीस टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकते. राखेपासून बनलेले हलके, सच्छिद्र ठोकळे विटेच्या भिंतीहून उष्णता पुष्कळ कमी आत घेतात आणि ते आज बाजारात सहज मिळतात.

कायद्याचा पायाही घातला गेला आहे. अटलबिहारी वाजपेयी यांच्या नेतृत्वाखालील सरकारच्या काळात ऊर्जा संवर्धन कायदा २००१ साली संमत झाला आणि त्यानुसार २००२ साली ऊर्जा दक्षता ब्युरो स्थापन झाला. मोठ्या व्यापारी इमारतींसाठी २००७ मध्ये आणि निवासी इमारतींसाठी २०१८ मध्ये ‘इको निवास संहिता’ या नावाने नियम आले. २०२२ च्या दुरुस्तीने मोठ्या निवासी इमारतींनाही कायद्याच्या कक्षेत आणण्याची तरतूद केली. संहितेतील गोष्टी साध्या आहेत. भिंती आणि खिडक्या यांतून सरासरी दर चौरस मीटरला १५ वॉटपेक्षा अधिक उष्णता आत येऊ नये. मुंबईसारख्या उष्ण-दमट हवामानात उघडणाऱ्या खिडक्यांचे क्षेत्र फरशीच्या क्षेत्राच्या किमान एक षष्ठांश असावे. परंतु केंद्राची संहिता राज्याने स्वीकारावी लागते आणि स्थानिक संस्थेने तिची अंमलबजावणी करावी लागते. या प्रवासात पंधरा-वीस वर्षे सहज निघून जातात, आणि तेवढ्या अवधीत एक अख्खे उपनगर उभे राहते. दुसरीकडे ‘हरित इमारती’ची प्रमाणपत्रे आणि त्यांबद्दल मिळणाऱ्या सवलती यांचे पेव फुटले आहे. प्रमाणपत्र प्रवेशद्वारावर झळकावे यात गैर नाही. पण लोक राहायला आल्यावर त्या इमारतीत प्रत्यक्ष किती वीज लागते, हे पाच वर्षांनी तपासून जाहीर केल्याखेरीज त्या पाटीला अर्थ नाही. महापालिकांनी एवढी एक अट घातली, तरी खरे आणि दिखाऊ यांची निवड आपोआप होईल.

तथापि, सारे शासनावर सोपवून मोकळे होणे हा समाजाचा धर्म नव्हे. पुनर्विकासाच्या बाबतीत तर सभासदांच्या हाती प्रत्यक्ष अधिकार आहे. कलम ७९-अ अन्वये ठरलेल्या कार्यपद्धतीत वास्तुविशारद आणि सल्लागार संस्थेनेच नेमायचा असतो आणि निविदाही संस्थेनेच काढायची असते. त्या निविदेत वाहनतळाची अट लिहिता येते, तशीच भिंतीचीही लिहिता येते. पश्चिमेकडच्या आणि दक्षिणेकडच्या खिडक्यांवर छज्जा असावा. बाहेरची भिंत उष्णता अडवणाऱ्या ठोकळ्यांची असावी, किंवा काँक्रीटचीच असेल तर तिच्यावर उष्णतारोधक थर असावा. खिडक्या सरकत्या नसून पूर्ण उघडणाऱ्या असाव्यात. गच्चीवर चिनी मातीच्या पांढऱ्या तुकड्यांची फरशी किंवा सौर पटले असावीत. सिमेंट राखमिश्रित किंवा मळीमिश्रित असावे. या पाच अटींनी बांधकामाचा खर्च वाढलाच तर थोडा वाढेल. न लिहिल्या तर तो खर्च सभासदांच्या मुलांना आयुष्यभर हप्त्याहप्त्याने द्यावा लागेल.

आणि या सगळ्यांच्या आधी एक प्रश्न आहे: ही इमारत पाडायलाच हवी काय? संरचना धोकादायक झाली असेल, वृद्धांना जिने चढवत नसतील, तर पुनर्विकास अटळ आहे. पण सांगाडा सुदृढ असताना, केवळ आणखी दोनशे चौरस फुटांच्या मोहाने पन्नास वर्षांची इमारत जमीनदोस्त करायची, म्हणजे तिच्यासाठी एकदा जाळलेला कोळसा आणि भाजलेली चुनखडी मातीमोल करायची आणि तेवढीच पुन्हा जाळायची. डागडुजी, सांगाड्याचे मजबुतीकरण, बाहेरून बसवलेले उद्वाहन यांवर भागत असेल, तर तो पर्याय आधी तपासावा. सर्वांत कमी सिमेंट त्याच घराला लागते, जे आधीपासून उभे आहे.

ज्यांची घरे बांधून झाली आहेत, त्यांनाही करण्यासारखे पुष्कळ आहे. जुना पंखा ७५ वॉट वीज खातो, नव्या पद्धतीच्या मोटरीचा पंखा ३० ते ३५ वॉटवर तेवढाच वारा देतो. वातानुकूलन यंत्राचे तापमान एका अंशाने वाढवले, तर ऊर्जा दक्षता ब्युरोच्या हिशेबाने सुमारे सहा टक्के वीज वाचते. १८ अंशांवर यंत्र लावून पांघरूण घेणे ही श्रीमंती नव्हे, तो विचाराचा अभाव आहे. २६ अंश आणि जोडीला पंखा, एवढ्याने झोप उत्तम लागते. खिडकीबाहेर वाळ्याचा किंवा बांबूचा पडदा सोडला, तर ऊन काचेपर्यंत पोहोचण्यापूर्वीच अडते. आजीच्या घरात हे सारे होते. ते जुनाट म्हणून टाकले गेले, आणि आता त्यालाच शाश्वत जीवनशैली असे नाव मिळाले आहे.

सामाजिक कामात असलेला कार्यकर्ता हा कुठल्या ना कुठल्या गृहरचना संस्थेचा सभासद असतो, पुष्कळदा तिचा सचिव किंवा खजिनदारही असतो. सभेत उठून एक प्रश्न विचारण्याचे बळ त्याच्यात असते. पश्चिमेची भिंत कशाची, हा प्रश्न पुढच्या सभेत विचारला गेला, तर विकासक क्षणभर गोंधळेल, वास्तुविशारद चष्मा सावरेल, काही सभासद हसतीलही. पण प्रश्न इतिवृत्तात नोंदला जाईल. दहा संस्थांत तो विचारला गेला, तर विकासक अकराव्या संस्थेत उत्तर तयार ठेवूनच येईल. नियम कागदावरून भिंतीवर उतरतात ते असेच.

चंद्रपूरच्या भट्ट्या उद्याच थंडावणार नाहीत आणि देशाची गरज पाहता तशी अपेक्षाही कोणी करू नये. पण तिथून येणारे प्रत्येक पोते आणि प्रत्येक युनिट जपून वापरावे, एवढे ऋण शहरातील प्रत्येक कुटुंबावर आहे. घर पाहावे बांधून, असे पूर्वज सांगून गेले. बांधण्यापूर्वीही नीट पाहावे, एवढीच त्यात आता भर घालायची आहे.